युद्धाची बातमी आली अन् मी आधी सोयाबीनचा भाव पाहिला

धुऱ्यावरचा | 15 जून 2025, रात्री 10:20

राम राम मंडळी. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. शेतीच्या धाग्यांवर कधी दोन ओळी टाकल्या असतील, तेवढंच. पण आज सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे अन् ती घरात कुणाला सांगण्यासारखी नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पलीकडं. सात एकर कोरडवाहू. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन गेला अन् मग जो दडून बसला तो बसलाच. वावर वखरून पडलंय, बियाणं घरात आलंय, करायला काही नाही. मग सकाळी सातलाच पानठेल्यावर आठ-दहा जण. परवापासून तिथं विषय एकच, इराण अन् इस्राएल. कोणी तेहरानचा धूर दाखवतो, कोणी क्षेपणास्त्रांची नावं पाठ म्हणतो. ज्याला पीक विम्याचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, तो युरेनियम किती टक्के शुद्ध करावं लागतं ते सांगत होता. अशात आमच्यातला एक जण खर्रा घोटता घोटता म्हणाला, "तेल चढलं म्हंजे सोयाबीन चढनच. ज्याच्या घरात असन त्यानं थांबा लेकहो."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो अन् चप्पल काढायच्या आधी मोबाईलवर बाजारभाव पाहिला. चार हजार दोनशे, जिथल्या तिथं. (गेल्या हंगामाचा हमीभाव 4892. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

चप्पल काढली अन् एकदम आठवलं की हे मी याआधीही एकदा केलेलं आहे. चांगलं मन लावून केलेलं आहे.

24 फेब्रुवारी 2022, गुरुवार. रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घातलं. माझ्या घरात 14 क्विंटल सोयाबीन होतं, दिवाळीपासून राखून ठेवलेलं. भाव साडेसहा हजारांच्या आसपास रेंगाळत होता, तो आठवडाभरात सात हजारांच्या वर गेला. का, तर आपल्या देशात खायच्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. त्यातलं सूर्यफुलाचं बहुतांश युक्रेन अन् रशियाकडून. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली की सूर्यफुलाची जागा सोया अन् पामतेलानं भरायची. हे गणित आमच्या अडत्यानं मला दोन मिनिटांत समजावलं. तोवर मला युक्रेन नकाशावर दाखवता आलं नसतं. आठ दिवसांत मी ओडेसा अन् मारियुपोल ही नावं आर्णी-दिग्रससारखी घ्यायला लागलो.

अन् त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची मुलगी खारकीवमध्ये होती. डॉक्टरकीचं चौथं वर्ष. त्यासाठी मास्तरांनी तीन एकर विकलं होतं. पोरगी होस्टेलच्या तळघरात, इकडं मास्तर ओट्यावर. घरात नेटवर्क धरत नाही म्हणून चार्जरची वायर खिडकीतून बाहेर काढून, फोन मांडीवर घेऊन दिवसभर तिथंच बसायचे. 1 मार्चला खारकीवमध्ये कर्नाटकातल्या हावेरीकडचा एक विद्यार्थी हल्ल्यात मारला गेला, किराणा आणायला म्हणून बाहेर पडला होता. 2 मार्चला आपल्या दूतावासानं सांगितलं, खारकीव ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, पिसोचिन, बाबाये नाहीतर बेझ्ल्युदिव्का यापैकी एखादं गाव संध्याकाळी सहाच्या आत गाठा. मुलगी पायी निघाली. बर्फातून.

त्या दिवशी मी मास्तरांच्या ओट्यासमोरून दोनदा गेलो. पहिल्यांदा थांबून विचारलं, फोन आला का. दुसऱ्यांदा थांबलो नाही, कारण माझ्या कानाला फोन होता अन् पलीकडं अडत्या होता.

मला भाव चढल्याचा आनंद झाला होता. टीव्हीवर इमारत पडताना दिसली की पोटात कालवायचं, हे खरं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी उकळायचं, अन् ते आनंदच होतं. माणसाचं असंच असतं का, की माझंच?

कापूसकोंड्या | 15 जून, रात्री 11:05

भाऊ, एवढं मनाले लावून घेऊ नका. बजार असाच हाय. ब्राझीलात दुष्काळ पडला का आपन खुश, आपल्या इकडं सोयाबीनवर येलो मोझॅक रोग आला का थो खुश. गेल्या साली शेजाऱ्याची तूर मर रोगानं गेली, तवा माही चांगली होती. म्या काय रडलो नाई. शेजारी कट्टर दोस्त हाय माहा, तरी नाई रडलो.

पन एक सांगा, थे 14 क्विंटल शेवटी इकलं कोन्त्या भावानं?

सिंहगड_पायथा | 16 जून, सकाळी 8:12

प्रांजळ लेखन आवडलं. मात्र मला वाटतं आपण या घटनांकडे भावनिक न होता पाहायला हवं. बहुध्रुवीय जगात पुरवठा साखळ्या विस्कळीत होतात तेव्हा जी पोकळी निर्माण होते ती भारतीय शेतकऱ्याने संधी म्हणून घ्यायला हवी. निर्यातक्षम वाणांकडे वळणं, गटशेती, वायदेबाजाराचा अभ्यास या दिशेने विचार व्हावा. पुढील लेखनास शुभेच्छा.

कापूसकोंड्या | 16 जून, सकाळी 8:40

सिंहगड साहेब, पोकळी आमच्या कोठीत हाय, थे आधी भरू द्या.

अन् संधीचं म्हनाल त 2022 च्या मार्च-एप्रिलात हेच आयकलं होतं. युक्रेनचा गहू बंद, आता भारत जगाले गहू पुरवन. 13 मेले निर्यात बंद केली. कापसाले दहा-बारा हजार भेटून राह्यले होते, त 14 एप्रिलपासून आयात शुल्क काढलं. वायदेबाजाराचा अभ्यास करू म्हनता, पन सोयाबीनचे वायदे 2021 च्या डिसेंबरपासून बंद हायेत ना बाप्पा!

सिंहगड_पायथा | 16 जून, सकाळी 9:01

मुद्दा मान्य. वायद्यांचं लक्षात नव्हतं.

खतवाला_वाशीम | 16 जून, दुपारी 1:30

मी कृषी केंद्र चालवतो. शिव्या द्यायच्या तर शेवटी द्या, आधी ऐका.

लोक विचारतात, इराणात बॉम्ब पडला तर माझ्या युरियाचं काय बिघडतं. युरिया गॅसपासून होतो. आपले कारखाने चालतात त्यातला बराच गॅस कतारहून जहाजानं येतो, अन् ते जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतं. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान, मध्ये अरुंद जागी 33-34 किलोमीटर पाणी. म्हणजे कारंजा ते मूर्तिजापूर धरा. जगात रोज जेवढं तेल जळतं त्याचा पाचवा हिस्सा तिथून जातो. तयार युरिया अन् डीएपी हे खतही आपण त्याच भागातून घेतो. तिकडं इजिप्तमधले युरियाचे कारखाने आताच थांबलेत, कारण त्यांना गॅस इस्राएलकडून यायचा अन् लढाई लागताच इस्राएलनं तो बंद केला. म्हणजे इजिप्तचा लढाईशी काडीचा संबंध नाही, तरी कारखाना बंद.

आता गंमत बघा. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, डीएपीची 50 किलोची 1350 ला. वरचा भार सरकार अनुदानातून उचलतं, त्यामुळं गोणीवर छापलेला आकडा हलत नाही. म्हणून आपल्याकडं लढाई आकड्यात दिसतच नाही. "माल आला नाही" या तीन शब्दांत ती दिसते. पोटॅशचं तसं नाही. रशिया अन् बेलारूस त्यातले मोठे, अन् 2022 मध्ये तीच गोणी 1700 वर गेली ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली. पोटॅश टाकणं लोकांनी तेव्हापासून जवळजवळ सोडलंच.

निंदनवाली | 16 जून, दुपारी 2:15

अन् लिंकिंग? डीएपी पाहिजे त सोबत हे औषधाचं बुधलं घ्याच, हे होर्मुझहून येते का?

खतवाला_वाशीम | 16 जून, दुपारी 2:20

ताई, शेवटी द्या म्हटलं होतं. होतं लिंकिंग. आमच्यावर वरून येतं, आम्ही खाली ढकलतो. खोटं बोलत नाही.

निंदनवाली | 16 जून, दुपारी 4:50

आता धागाकर्त्याले. दादा, तुमचा धागा मले पूर्ण पटला नाई. तुम्ही म्हनता मले आनंद झाला त्याची लाज वाटते. लाज युक्रेनच्या लोकायची वाटते. पन गावातल्या लोकायचं काय?

आमच्या घरी वावर नाई. माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते, तेव्हा दोनशे रुपये रोज होता. त्याच मार्च महिन्यात तेलाची एक लिटरची पिशवी पावणेदोनशेच्या वर गेली. म्हंजे दिवसभराची मजुरी अन् एक पिशवी, झाली बरोबर. माय दुकानात पाऊण पिशवी मागायची, दुकानदार हसायचा. मंग दहा-दहा रुपयाचं सुटं तेल आनलं आमी. तुमच्या सोयाबीनले जे जास्त भेटत होते थे कोनाच्या तरी कढईतून निंघत होते ना? त्यासाठी एवढ्या दूर युक्रेनपर्यंत जायाची गरज नाई. तुमच्याच गावाच्या खालच्या अंगाले पाहा.

राग नाई. पन लिहिलं नसतं त झोप आली नसती.

धुऱ्यावरचा | 16 जून, रात्री 9:30

ताई, हे मी धरलंच नव्हतं. 22 मार्चपासून पेट्रोल-डिझेल बहुतेक दिवशी 80-80 पैशांनी चढत गेलं, 6 एप्रिलपर्यंत दहा रुपये, ते मला पाठ आहे, कारण ट्रॅक्टरवाल्यानं नांगरटीचे पैसे वाढवले. तेलाची पिशवी किती झाली होती ते मात्र आत्ता बायकोला विचारावं लागलं.

पुलगावची_लेक | 17 जून, सकाळी 6:45

माझं माहेर पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या कुंपणालगतच्या एका खेड्यात. त्यामुळं लढाई म्हटलं की मला रशिया-इराण आठवत नाही, 2016 च्या मे महिन्यातली 30 तारखेची रात्र आठवते. डिलिव्हरीसाठी माहेरी आले होते, बाळ 22 दिवसांचं. रात्री एक-दीडच्या सुमारास खिडकीची काच अंगावर आली. आधी वाटलं वीज पडली. मग आभाळ केशरी. बाबांनी एवढंच म्हटलं, चला. मी बाळाला लुगड्यात गुंडाळलं, आईनं दागिन्यांचा डबा घ्यायचा सोडून दुधाची बाटली घेतली, अन् सगळा गाव अंधारात रस्त्याला लागला. कोणी ट्रॅक्टरवर, कोणी पायी. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती. आग विझवायला आत गेलेले किती तरी जण त्या रात्री गेले.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर बाबा थांबले अन् म्हणाले, गाय बांधलेलीच राहिली. दावं सोडलं नाही. मग ते परत गेले. आई नको नको म्हणत राहिली, तरी गेले. सोडून आले.

2022 मध्ये टीव्हीवर त्या बाया स्टेशनवर लेकरं घेऊन उभ्या दिसायच्या. सगळे बोलायचे पुतीन असा अन् झेलेन्स्की तसा. मी त्या बायांच्या मागं पाहायचे. वाटायचं, यांची गुरं कोणी सोडली असतील का? युक्रेन तर सगळा कास्तकारांचा देश, काळी माती आपल्यासारखी. मग नवरा म्हणायचा, चॅनल बदल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. भाव पाहिला म्हणून तुम्ही वाईट, असं मला वाटत नाही. बाबाही दुसऱ्या दिवशी गावात परत आल्यावर आधी भिंतीला पडलेल्या भेगा मोजत होते, नुकसानभरपाई मिळंल का म्हणून.

जुनी_पेठ | 17 जून, रात्री 10:10

मी खामगावचा. धागा वाचून राहवलं नाही. वऱ्हाडानं परक्या लढाईवर कमावणं हे काही 2022 चं नाही. (लांबण लागेल, माफ करा.)

1861 ला अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई लागली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा, गुलामांच्या हातानं वेचलेला. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली अन् कापूस थांबला. मग इंग्रजांची नजर वळली वऱ्हाडाकडं. हा मुलूख निजामाकडून त्यांनी 1853 लाच ताब्यात घेतला होता. खामगाव, अकोट, अमरावती, तिकडं हिंगणघाट, सगळीकडं कापसाला कधी नव्हे तो भाव. ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली गेली. त्या काळच्या साहेबांच्या लिखाणात अशा कथा येतात की कास्तकारांनी बंडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली. खरी की वाढवलेली ते त्या साहेबांना माहीत. मुंबईत तर कापूस अन् शेअर्सचे मोठे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या नावानं शेअर्सचं वेड लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या.

एप्रिल 1865 ला लढाई संपली. अमेरिकेत शांतता झाली ही बातमी मुंबईच्या बाजारात शोकवार्तेसारखी आली. 1 जुलै 1865 ला सगळं कोसळलं. इथला भाव बसला, सावकार मात्र राहिला. रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये अन् आमच्या खामगावची जलंबहून येणारी लाईन व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं 1870 ला सुरू केली, म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर पंगत वाढली.

पण मला सांगायचं आहे ते पुढंच. कापूस नाही म्हणून लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो मजूर उपाशी, धर्मादाय सूपवर जगलेले. त्यांचा फायदा कशात? उत्तरेनं नाकेबंदी उठवण्यात. तरी मँचेस्टरच्या मजुरांनी 31 डिसेंबर 1862 ला सभा घेऊन लिंकनला लिहिलं की आम्ही तुमच्या बाजूनं आहोत, गुलामगिरी जायला हवी. लिंकननं जानेवारीत त्यांना उत्तर पाठवलं. सगळेच मजूर तसे नव्हते, नाकेबंदी मोडा म्हणणारेही होते. पण ती सभा झाली.

म्हणून "बाजार असाच आहे" हे कापूसकोंड्या भाऊंचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

कापूसकोंड्या | 17 जून, रात्री 10:32

वाचलं. चांदीच्या धावेवाली गोष्ट आमच्या आज्याच्या तोंडून आयकली होती, मले वाटे थो फेकते.

मँचेस्टरवाल्यायले सलाम. पन त्यायनं हाती हाय थे सोडलं का नव्हतंच थे सोडलं, हा इचार करून राह्यलो.

आमच्या भाऊनं अजून भाव नाई सांगतला. 14 क्विंटल. कितीनं गेलं?

निवृत्त_सुभेदार | 19 जून, सायंकाळी 7:20

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली बटालियन असते. 2006 च्या लढाईनंतर मी तिथं होतो. तिकडचा शेतकरी जैतून अन् तंबाखू लावतो. लढाई 34 दिवसांत संपली, पण वावरात न फुटलेले छोटे बॉम्ब पडलेले, चेंडूएवढे. जैतून तोडणीच्या हंगामात एक म्हातारा रोज चौकीवर यायचा अन् हातानं खुणा करून विचारायचा, आज जाऊ का? आम्ही सांगायचो, अजून नाही. झाडाला फळ दिसायचं चौकीवरून. त्या वर्षी तेलाला भाव चांगला होता म्हणे.

बाकी चर्चा चालू द्या.

धुऱ्यावरचा | 22 जून, रात्री 11:40

सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून तीन दिवस काही लिहिलं नाही.

आज पहाटे अमेरिकेनं इराणच्या तीन ठिकाणांवर बॉम्ब टाकले. ठेल्यावर गर्दी होती. आमच्याकडं पाऊस मंगळवारी आला, चांगला आला, काल पेरणी उरकली. तरी माणसं ठेल्यावर होर्मुझ बंद होणार का यावर पैजा लावत होती. कापूसकोंड्या भाऊंनी दोनदा विचारलं. टाळत होतो. आता सांगतो.

3 मार्च 2022, म्हणजे मुलगी खारकीवहून पायी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी भाड्याची गाडी करून 14 क्विंटल बाजार समितीत नेलं. हर्रासात 7150 निघाले. त्या हंगामाचा हमीभाव 3950 होता, म्हणजे जवळपास दुप्पट. अडत्या म्हणाला, देऊन टाका. मी म्हटलं, नाही. का नाही, तर आदल्या रात्री टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी सांगत होते की ही लढाई दोन-चार दिवसांची नाही, महिनोन् महिने चालंल. माझ्या डोक्यात आकडा दहा हजार. 2021 च्या ऑगस्टमध्ये तो भाव लोकांनी घेतलेला होता, माझ्या घरात तेव्हा दाणा नव्हता. माल परत भरला, हमाली दोन्हीकडची दिली, घरी आणला.

म्हणजे सुरुवातीच्या पोस्टमध्ये मी लिहिलं की मला आनंद झाला, ते अर्धवट होतं. आनंद झाला इथवर तर तुम्ही सगळे समजूनच घेत होता. मला लढाई लांबायला हवी होती. मी त्यावर 14 क्विंटल लावलं होतं.

संध्याकाळी मास्तर घरी आले. गाडी दारातच उभी, चुंगड्या उतरवणं चालू. मुलीचा फोन आला होता, पिसोचिनला शाळेसारख्या ठिकाणी शेकड्यानं पोरं आहेत, पुढं सीमेपर्यंत जायला बसवाले माणशी शेकड्यांनी डॉलर मागताहेत. वीस हजार कमी पडत होते. मी म्हटलं, "मास्तर, माल इकला नाही अजून. इकला की देतो." त्यांनी चुंगड्यांकडं पाहिलं. म्हणाले, "बरं." अन् गेले. मास्तरीणबाईंची पोत त्या रात्री गहाण पडली हे मला महिन्यानं कळलं.

माझ्याकडं बँकेत वीस हजार नव्हते का? होते. सव्वीस.

दूतावासाच्या बस दोन दिवसांनी तिथं पोचल्या, पोरं निघाली. मास्तरांची मुलगी रोमानियातून दिल्लीला, दिल्लीहून नागपूरला आली. तिथवर सगळं फुकट. नागपूरहून इकडं यायला गाडी नाही, कारण यष्टीचा संप चालू होता. युद्धभूमीतून सुटलेली पोरगी यवतमाळहून काळी-पिवळीत अठरा माणसांत बसून रात्री अकराला गावात उतरली. सगळा गाव जमला होता. मी हार घेऊन उभा होतो. फोटोत आहे.

24 मेला सरकारनं सोया अन् सूर्यफूल तेलाची वर्षाला वीस-वीस लाख टन आयात बिनशुल्क केली. भाव उतरत गेला. जूनअखेर पेरणीला पैसा लागला तेव्हा 6050 नं दिलं. कापूसकोंड्या भाऊ, हे तुमचं उत्तर.

कापूसकोंड्या | 23 जून, सकाळी 6:10

इचारलं नसतं त बरं झालं असतं.

निंदनवाली | 23 जून, सकाळी 10:25

पोरगी डॉक्टर झाली का?

धुऱ्यावरचा | 23 जून, दुपारी 12:50

झाली. त्या पोरांना दुसऱ्या देशातल्या कॉलेजात जाऊन शिकायची सवलत मिळाली होती, ती जॉर्जियाला गेली. गेल्या वर्षी पदवी मिळाली, आता इथली परीक्षा द्यायची तयारी करते. सकाळी ओट्यावर वाचत बसलेली असते, वडील बसायचे त्याच जागी.

सिंहगड_पायथा | 23 जून, रात्री 9:15

मी वर जे लिहिलं ते आता वाचवत नाही. संपादनाची मुदत संपली आहे, नाहीतर काढलं असतं.

खतवाला_वाशीम | 24 जून, सायंकाळी 6:30

युद्धबंदी झाली म्हणतात. तेल उतरलं. डीएपीचा रेक (मालगाडी) अजून आलेला नाही, फोन करू नका. (सगळ्यांसाठी सूचना, एकट्या धागाकर्त्यासाठी नाही.)

पुलगावची_लेक | 25 जून, सकाळी 7:05

मास्तरांना तुम्ही नंतर काही बोललात का?

कापूसकोंड्या | 25 जून, सकाळी 7:30

हेच इचारनार होतो, पन माही हिंमत नाई झाली.

धुऱ्यावरचा | 28 जून, रात्री 9:50

नाही बोललो. तीन वर्षांत नाही बोललो. परवा जायचं ठरवून गेलो. उगवण चांगली आहे, पाऊस बरा आहे, अशी सुरुवात झाली. मग त्यांनीच विचारलं, डीएपी भेटलं का? म्हटलं, चार गोण्या पाहिजे होत्या, दोन भेटल्या, त्याही सोबत भलतंच काही घेऊन. ते म्हणाले, माझ्याकडं तीन आहेत, दोन एकरासाठी एवढ्या लागत नाहीत, एक घेऊन जा.

पोरीनं गोणी दाखवली. मी उचलून गाडीवर घातली. 1350 दिले. मास्तरांनी नोटा मोजून घेतल्या.